लुक इन्टूचा अर्थ

अवधपुरीतल्या गॅरेजवरून जाताना ग्रीसचा वास येतो आणि मी मनाने कारखान्याच्या टाउनशिपमधल्या आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये पोचते. त्या दिवशी दुपारी जेवायला आलेल्या बाबांच्या कपड्यांना तोच वास होता. कारखान्यातल्या क्रेनच्या दोराच्या तारा एकेक करून तुटत चालल्या होत्या आणि त्यांनी साहेबांना बोलावून ते दाखवलं होतं. "साहेब म्हणाले, वी विल लुक इन्टू इट. बेटा, तू आपल्या खानदानातली पहिली बी.ए., नीट अर्थ सांग." मी ताठ बसून सांगितलं, "लक्ष घालतील, तपासून बघतील." बाबांचा चेहरा खुलला. पोळी वाढता वाढता आई म्हणाली, "आणि तपासेपर्यंत क्रेन बंद ठेवणार का?" "अगं, साहेब स्वतः बोललेत ना!" बाबा सायकल काढून निघाले. बाहेर कडुलिंबाचं पानही हलत नव्हतं. पाळी सुटायला अजून बराच वेळ असताना भोंगा वाजला, वाजतच राहिला, आणि ओळीतल्या सगळ्या बायका आपापल्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. दोर तुटला होता. बाबा वाचले, उजवा पाय गेला. आता ते बाग सेवनिया वस्तीतल्या घरी ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगतात, "आमच्या पोरीनं अर्थ अगदी बरोबर सांगितला होता, हां."