कुंडीतला पहिला तोडा

“रविवार, १० नोव्हेंबर १९९६. सकाळी धुके. आज चर्चमध्ये कापणीचा सण. कुंडीत मिरच्या पाच.”

एवढे लिहून एस्तेरबाईंनी वही मिटली. चाळीस वर्षे या सणाला त्यांनी परसातला पहिला तोडाच अर्पण केला होता, विकतचा कधी नाही. नवरा गेला, परस सुटले, आणि शहरात हेब्बाळला मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात त्यांच्या वाट्याला गॅलरीतली एक कुंडी आली. यंदा रिकाम्या हाताने जावे लागणार, ही धास्ती महिनाभर होती.

“आई, भोपळा विकत आणते. पाच मिरच्यांना लोक हसतील,” सून संध्या म्हणाली.

“हसू देत. देवाने मला यंदा एवढे दिले, मी एवढेच नेणार.”

भोपळे, ऊस, नारळ यांच्या राशीपुढे त्यांनी पाच मिरच्या ठेवल्या. पाळकांची उपकारस्तुतीची प्रार्थना संपली, तेव्हा एस्तेरबाईंचे ‘आमेन’ सगळ्यांच्या वर गेले.

“स्वल्प हळू, अक्का,” शेजारची रूथ कुजबुजली.

“आज नाही जमायचे,” एस्तेरबाई ताठ मानेने म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिले: “घरात मिरची नाही. पिठल्यात मिरपूड घातली.”