एक रिंग
ट्रंक उघडली, तर डांबरगोळ्यांच्या वासाखाली अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रात ‘आता इनकमिंग मोफत’ ही बातमी दिसली. तेव्हा आई दवाखान्यात होती. मार्केट यार्डात हमाली करणारे बाबा दवाखान्यातल्या कॉइनबॉक्सवरून रोज माझ्या मोबाइलवर फोन लावायचे. एक रिंग म्हणजे आई ठीक. उचलला तर दोघांनाही पैसे पडत, म्हणून मी लगेच कापायचो. परीक्षेच्या सकाळीही रिंग वाजली. मी कापली आणि निर्धास्तपणे मोबाइल बंद करून परीक्षेला बसलो. दुपारी दवाखान्यात पोचलो, तेव्हा आई गेलेली होती. बाबा म्हणाले, “इनकमिंग फुकट झालंय, असं शेजारच्या पेशंटनं पेपर वाचून सांगितलं. म्हणून लावला रे. तिला तुझ्याशी बोलायचं होतं. तू कापलास.” तिला काय बोलायचं होतं, हे बाबांना विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.