माणसं मोजणारे साडू

माणसं ओळखणारे लोक मी पुष्कळ पाहिले, पण माणसांचे पाव-अर्धे तुकडे करून पुन्हा त्यांची बेरीज मांडणारा गृहस्थ उभ्या कोल्हापुरात एकच आहे आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. नव्या इमारतींना ग्रीन बिल्डिंगचं, म्हणजे पर्यावरण जपून बांधल्याचं, सर्टिफिकेट मिळवून देणं हा त्यांचा धंदा. तसं सर्टिफिकेट हवं असेल तर इमारतीत रोज किती माणसं वावरणार हे आधी ठरवावं लागतं. त्यावरून पाणी, संडास, खेळती हवा, सायकलींची जागा, सगळं ठरतं. दिवसभर असतो तो एक माणूस, अर्धा दिवस असतो तो अर्धा आणि घटकाभर टेकून जातो तो पाव. हा हिशेब माणसानं कामापुरता ठेवावा की नाही? पण साडू पडले हाडाचे प्रामाणिक. आमचे सासरे निवृत्तीनंतर एका पतसंस्थेत फक्त सकाळचे जाऊन बसत. भर पंगतीत साडू म्हणाले, "मामा तितं अर्धंच धरायचं." सासऱ्यांनी तोंडाला लावलेली पांढऱ्या रश्श्याची वाटी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही, आणि माझी मेव्हणी पुढं कितीतरी दिवस नवऱ्याशी धड बोलली नाही. आपलं नेमकं काय चुकलं हे साडूंना अजून कळलेलं नाही.

लग्नाला गेले तरी नवरा-नवरीकडं यांचं लक्ष नसतं. मुठीत अक्षता धरून हे कार्यालयाच्या मागच्या बाजूला, हात धुवायच्या नळांपाशी उभे, आणि पलीकडची संडासापुढची रांग बघून जीव कासावीस. एकदा ऐन मंगलाष्टकांत त्यांनी वधूपित्याला गाठलं. "काका, बायकांस्नी एवढंच संडास? बायका तर पुरुषांच्या दुप्पट आल्यात की!" पोरीच्या लग्नात डोळे भरून आलेला तो बाप यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. मी साडूंना दंडाला धरून जेवायला नेलं, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

असा हा माणूस मी आपण होऊन माझ्या एका डॉक्टर मित्राच्या गळ्यात बांधला. मित्राच्या हॉस्पिटलची नवी इमारत अजून नकाशावरच होती, पण तिच्या दर्शनी भिंतीवर त्याला ग्रीन बिल्डिंगची पाटी दिसू लागली होती. त्याचा हिशेब सोपा होता. एका पेशंटमागं नातेवाइकाचा एकच पास, म्हणजे माणूसही एकच. साडूंनी मान हलवली आणि ते सरळ जुन्या हॉस्पिटलच्या जिन्याखाली जाऊन बसले. आता आपल्याकडं आजारी माणूस कधी एकटा दवाखान्यात जातो का? बिद्रीकडच्या एका म्हाताऱ्याचं साधं हर्नियाचं ऑपरेशन, तर बायको, सुना, भावकी, तालमीतली पोरं आणि ज्याच्या जीपमधून आले तो, असे सगळे डबे-चटया घेऊन मुक्कामाला. बघायला न येणाऱ्याचं नाव गावात जन्मभर निघतं. पास एकच, पण तो वरच्या खिडकीतून खाली यायचा आणि दुसऱ्याच्या खिशातून पुन्हा वर जायचा. साडू हरखून मला म्हणाले, "पावणं, पास एक हाय, पर त्यो एकटा न्हाई!"

त्यांनी खरा आकडा मांडला आणि तिथंच बिनसलं. एवढ्या माणसांना नकाशातले संडास पुरेनात. मागं बाग आखली होती त्या जागी नातेवाइकांसाठी खोली, न्हाणीघर आणि संडास काढावे लागणार होते. डॉक्टर भडकला. "पेशंटमागं एक धरलेला चालतो. तेवढं लिहा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो," असं त्यानं तोंडावर सांगितलं. मी मधला, म्हणून मीही साडूंच्या मागं लागलो. "लिहून टाका की एक! तुमच्या घरचं काय जातंय?"

साडूंनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "आमचा बा आजारी पडला तवा हुपरीहून त्याला हितं कोल्हापुरात आणलं हुतं. आई दवाखान्याच्या जिन्याखाली बसायची. बायकांनी जायचं कुठं? सोयच नव्हती. म्हणून ती दिवसभर पाणीच प्यायची न्हाई. ऐन उन्हाळा. मी तांब्या घिऊन जायचो, तर म्हणायची, तहान न्हाई रं बाळा." ते चष्मा पुसत बसले. "तिला कुणी मोजलंच नव्हतं हो, पावणं. मी कसं एक लिहू?"

हा माणूस आपल्या नात्यात आहे याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला. घरी येऊन मी हे सगळं डॉक्टरला फोनवर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

काम अर्थातच गेलं. दुसऱ्याच कुणी तरी पेशंटमागं एक धरून सर्टिफिकेट आणलं, पाटी लागली, फीत कापली गेली. साडू त्या रस्त्यानं जायचं टाळू लागले. मग एकदा डॉक्टरचा फोन आला. "साडूंना घेऊन ये. मागच्या दारानं."

गेलो तर डॉक्टर स्वतः कुठं दिसेना. चूक कबूल करायची वेळ आली की हा पहिल्यापासून असाच गायब होतो. पण मागं बाग नव्हती. पत्र्याची एक लांबलचक खोली होती, पंखे होते, पिण्याच्या पाण्याची टाकी होती आणि एका अंगाला बायकांसाठी संडास होते. चटया टाकून गावोगावची माणसं बसली होती. मला वाटलं, आता हे मोजायला लागणार. पण साडू चपला काढून आत गेले आणि भिंतीला टेकून खाली बसले. शेजारच्या बाईनं डबा उघडला होता. तिनं अर्धी भाकरी आणि झुणका साडूंच्या हातावर ठेवला.

"घ्या, पावणं. तुमचं कोण हाय हितं?"

"आई," साडू म्हणाले.

त्यांच्या आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली आहेत.

"मग? बरी हाय न्हवं आता?" बाईनं विचारलं.

"बरी हाय," भाकरीचा तुकडा मोडत साडू म्हणाले. "पाणी पिती आता."