मुलाखतीला नेलेली खाडी

ओहोटीच्या चिखलाचा वास आला की नव्वदच्या दशकातली बेलापूरची माझी पीएचडीची मुलाखत आठवते. जागा एकच आणि उमेदवार अख्खा महाराष्ट्र! मी जवळच्या करावे गावच्या खाडीतला चिखल बरणीत गच्च बंद करून नेला. उन्हात आत वायू साचला आणि टेबलावर ठेवताच झाकण जे उडालं, ते पंख्याला आपटून तळोज्याला पडलं असावं. दोन परीक्षक नाक धरून पळाले. मार्गदर्शक बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "अहो, काय मारून आणलंय हे?" "मेलेलं कुठे, मॅडम, भलतंच जिवंत आहे! कारखान्यांचं पाणी पिऊनही यातले जिवाणू कसे जगतात, तेच मला शोधायचंय." बाई हसल्या. "सोमवारपासून या. पण आधी झाकण सैल ठेवायला शिका." आता मुलाखती मीच घेतो आणि उमेदवाराच्या हातात पिशवी दिसली की खुर्ची हळूच दाराजवळ सरकवतो.