बारा पस्तीसचे मामा

वेदिकाने सावळीराममामांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते १९९१ साली, पंचवटीतल्या एका लग्नात. ती तेव्हा बारा वर्षांची होती. मुहूर्त बारा पस्तीसचा आणि नवरदेव अजून रस्त्यावर, नाचणाऱ्यांच्या गराड्यात. बारा पस्तीस झाले तसे मामा उठले, रिकाम्या बोहल्यावर शांतपणे अक्षता टाकल्या आणि न जेवता निघाले. लोक हसले. वेदिकाला मामा फार मोठे वाटले.

मामा घोटीला भाताच्या गिरणीत वजनकाट्यावर होते. "चारशे माणसं उपाशी ताटकळवायचा हक्क कोणालाच नाय," एवढंच त्यांचं म्हणणं. कुसामामी सांगत, "ह्यांच्यासोबत मी एकच लग्न पुरतं पाहिलं. आमचं."

नव्याण्णव साली वेदिकाचं लग्न नाशिकला ठरलं. तिला वडील नव्हते आणि मामा हे एकच. महिनाभर त्यांनीच धावपळ केली. आचाऱ्यापासून मांडवापर्यंत सगळं वेळेवर झालं. मुहूर्त इथेही बारा पस्तीसचाच, पण वरात तेवढी वेळेवर आली नाही. बारा पस्तीसला मामा नवरीच्या खोलीत आले.

"मामा, मला बोहल्यावर कोण नेणार?"

"पोरी, आज थांबलो तर आजवर ज्यांच्या मांडवातून उठलो, त्यांना काय सांगू?"

मामा अक्षता टाकून गेले.

दहा मिनिटांनी वरात आली. गुरुजींनी मुलीच्या मामांना हाक दिली, तेव्हा कुसामामी पदर खोचून उठल्या. त्यांनीच वेदिकाला बोहल्यावर आणलं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. कोणी कुजबुजलं, त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

चार वाजता मामी एसटी स्टँडवर पोचल्या. मामा बाकावर बसलेलेच.

"घोटीची गाडी गेली नाय?"

"आलीच नाय अजून. येईल."

"किती उशीर?"

"तीन तास."

"मग टाकायच्या अक्षता आणि निघायचं चालत."

मामांनी मान खाली घातली. मान तशीच ठेवून विचारलं, "पाठवणी कधी हाय?"

"झाली. सारखी मागं वळून बघत होती."

तेवढ्यात गाडी लागली. मामांना उठायचं सुचलं नाही. मामींनीच त्यांना हाताला धरून आत बसवलं.

वेदिका आता नाशिकला बँकेत आहे आणि तिला घरी यायला रोज उशीर होतो. मामा दर गुरुवारी घोटीहून तिच्याकडे येतात आणि ती येईपर्यंत जेवत नाहीत.