गडव्यावरचं नाव

लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हा अठरा वर्षांची होते आणि सातवी पास होते. क्वार्टर इतकं नवं की भिंतीला टेकलं की पाठीला चुना लागायचा. आमच्या ओळीत सगळी नागपूर-भंडाऱ्याकडची माणसं, पुरुष कारखान्यात, आणि बायकांत लिहिता येणारी मी एकटी. त्यामुळे रेशनचा असो की शाळेचा, कोणताही फॉर्म शेवटी माझ्याच दारात यायचा.

फॉर्म भरणं सोपं होतं. नवऱ्याचं नाव काढून घेणं कठीण! एकही बाई तोंडानं सांगायची नाही. कोणी पोराला हाक मारून त्याच्याकडून वदवून घ्यायची, कोणी "आमच्या गावाले ज्या देवाची जत्रा भरते न, तेच" असं कोडं घालायची. मी हसायचे खरी, पण माझी तरी काय बिशाद होती? मीही 'आमचे हे'च म्हणायचे. गंमत म्हणजे लिहायला मनाई नव्हती. कागदावर शंभरदा लिहा, काही होत नव्हतं; जिभेवर आलं की मात्र नवऱ्याचं आयुष्य कमी. म्हणजे जिला लिहिता येतं ती सुटली आणि जिला येत नाही ती अडकली. हे असं कोणी ठरवलं असेल, याचं मला भारी कुतूहल. सासूला विचारलं तर म्हणाली, "तुले जास्तच अक्कल आली."

बाजूच्या क्वार्टरमधल्या बाईला सगळे वयनी, म्हणजे वहिनी, म्हणायचे. तिला मूलबाळ नव्हतं. तिचा नवरा सुटी काढून गावी गेला तो परत आलाच नाही. पुढे कळलं, त्यानं तिकडे दुसरीबरोबर घर मांडलं. आता क्वार्टर जाणार होतं. ते गेलं की वयनीनं भावाकडे जायचं आणि जन्मभर भावजयीची धुणीभांडी करायची, तीही मान खाली घालून. तेवढ्यात बातमी आली की दवाखान्यात आया कामावर घेऊन राहिले. आया झाली तर पगार, आणि राहायला एक खोलीसुद्धा.

मी फॉर्म घेऊन बसले. नवऱ्याचं नाव विचारल्यावर वयनी उठली, आतून पाण्याचा पितळी गडवा घेऊन आली आणि माझ्यापुढे उलटा ठेवला. बुडाशी नाव कोरलेलं होतं. ते पाहून मी लिहिलं.

मुलाखतीला मी तिच्यासोबत गेले आणि दाराशी उभी राहिले. साहेब दक्षिणेकडचा, नुकताच आलेला. फॉर्म कारकुनाच्या हातात होता; तो हिचाच आहे ना, हे ताडून पाहायला साहेबानं विचारलं, "पति का नाम बोलो." वयनी गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. मग वयनीनं पिशवीत हात घातला आणि, मी डोक्याला हातच लावला, तो गडवा काढून साहेबाच्या टेबलावर उलटा ठेवला!

साहेबाला आपली देवनागरी अक्षरं वाचता येत नव्हती. त्याला वाटलं, बाई लाच देते आहे. असा भडकला! वयनी बुडाकडे बोट दाखवते आहे आणि साहेब "ले जाओ, ले जाओ" करत हात झटकतो आहे. शेवटी कारकुनानं समजावलं. साहेब शांत झाला, पण म्हणाला, "फॉर्म किसी का भी हो सकता है, लोटा भी. मुँह से बोले." आणि पुढच्या सोमवारी बोलावलं.

वाटेत माझं डोकं फिरलेलं होतं. "कावून नाही सांगितलं? तो तर टाकून गेला न तुम्हाले!"

"गेला तर गेला," वयनी म्हणाली. "जिवंत आहे न? तो आहे म्हून माह्या कपाळावर कुंकू आहे, पोरी. माह्या तोंडून नाव गेलं अन् त्याले काही झालं, तर उद्या मले हळदीले तरी कोण बोलावल?"

त्या माणसानं मागे काहीच ठेवलं नव्हतं. त्याचं जिवंत असणं तेवढं तिच्या वाट्याला आलं होतं, आणि तेच ती जपत होती. मला रागही आला आणि रडूही आलं.

मग मीच म्हटलं, "वयनी, माह्या नवऱ्यावर करून पाहू." तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. पण मी एकदा ठरवलं की ऐकणारी नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमचे हे पहिल्या पाळीला निघाले. सायकल वळणाआड गेली आणि मी वयनीसमोर नाव घेतलं. तीनदा, आडनावासकट. वयनीनं कानात बोटं घातली होती, पण डोळे माझ्या तोंडावरच होते.

दोनचा भोंगा झाला. ओळीतले सगळे पुरुष आले, आमचे हे तेवढे नाहीत. अडीच झाले, तीन झाले. कशाला हा आगाऊपणा केला मी! सातवी शिकले म्हणून स्वतःला कोण समजत होते? वयनी माझा हात धरून उंबऱ्यावर बसून राहिली. चार वाजून गेल्यावर हे आले, पायी, सायकल ढकलत. पंक्चर. "एवढा उशीर कावून केला?" असं मी ओरडले की यांच्या हातून सायकलच सुटली.

हे जेवायला बसले. वयनी दारातून टक लावून पाहत होती. यांनी दुसरी भाकर संपवली आणि तिसरी मागितली.

"जेवून राहिले वं," ती हळूच म्हणाली. "चांगले जेवून राहिले."

सोमवारी साहेबानं विचारलं आणि वयनीनं डोळे घट्ट मिटून नाव सांगितलं. त्याचं, त्याच्या बापाचं, वर आडनाव, इतक्या मोठ्यानं की व्हरांड्यातल्या बायका वळून पाहायला लागल्या. बाहेर येऊन तिनं आधी नळावर चूळ भरली. पण नोकरी लागली.

डॉक्टरांच्या दाराशी उभं राहून आजाऱ्यांना नावानं हाक मारायची, हे तिचं काम. चिठ्ठ्या वाचता याव्यात म्हणून ती माझ्याकडे अक्षरं शिकली. गडव्यावरची आधी. माझं म्हणाल तर चारचौघांत यांचं नाव मी पुढेही घेतलं नाही, इथंही लिहीत नाही. घरात कोणी नसलं की मात्र मधूनमधून घेऊन पाहायचे.

चार-पाच वर्षांनी एक दिवस वयनी ड्यूटीवरून सरळ माझ्याकडे आली. "तो आला होता आज दवाखान्यात," म्हणाली. मी चुलीवरचा तवा खाली उतरवला.

"खोकला झाला त्याले, म्हून गावाकडून इथं आला इलाजाले. मले पाहून रांग मोडून पुढं आला. म्हणे, आधी सोड मले, मी तुहा नवरा आहो."

"मग?"

"मग काय? बसवलं बाकावर. नंबर आल्यावर मारली हाक नावानं."

"उठला?"

"दोनदा मारावी लागली," वयनी म्हणाली. "पहिल्यांदा त्याले वाटलंच नाही, का मी त्यालेच बोलावून राहिली."