अकरा नंबरची रचना

विद्यापीठाच्या संगीत विभागात पियानो वाजवायला एक बाई होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. प्राध्यापक म्हणत, मुलं म्हणत, आणि त्यांच्याहून वयाने मोठा असलेला शिपाईसुद्धा म्हणे. संगीतरचना शिकणाऱ्या मुलांनी शेवटच्या वर्षी जे काही लिहिलं असेल, ते परीक्षकांसमोर वाजवून दाखवायचं हे मावशींचं काम. कागदावर नाव नसे, नुसता क्रमांक. परीक्षक समोर प्रत ठेवून ऐकत आणि गुण देत.

आता लिहिणारं पोर विशीतलं. त्याला वाटतं, माणसाला दहा बोटं आहेत तर ती एकाच वेळी दहा ठिकाणी पोचणारच. कुणी डाव्या हाताला अशा लांब उड्या मारायला लावी की खुर्चीवरून पडायची पाळी यावी. कुणी एवढे स्वर एकावर एक रचून ठेवी की ऐकणाऱ्याला काही कळू नये. मावशी हे सगळं पोटात घालत. खटकणारा स्वर हलकेच दाबत. शेवट अंगावर येणारा असेल तर आधीपासून लय जराशी सैल सोडत. पोकळ जागी स्वर लांबवणारं पायाखालचं पेडल थोडं जास्त धरून ठेवत. विचारलं तर म्हणत, "मी काय करते? लिहिलंय तेच वाजवते." ते खरंही होतं. पाहुण्यांसमोर आणण्याआधी पोराचं तोंड पुसावं, तेवढंच त्या करत.

मावशी मूळच्या तिथल्याच विद्यार्थिनी. त्याही रचनाच शिकत होत्या. शेवटच्या वर्षाला वडील अंथरुणाला खिळले, घरात मिळवतं कुणी नव्हतं, आणि नेमका तेव्हाच विभागातला पियानोवाला काम सोडून गेला. "चार महिने सांभाळ, मग परीक्षेला बस," असं सांगून तेव्हाच्या प्रमुखांनी त्यांना त्या खुर्चीवर बसवलं. पुढे वडील गेले, लग्न झालं, लेक झाली, नवऱ्याचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान झालं, आणि मावशी खुर्चीवरच राहिल्या. तात्पुरत्या कामाइतकं टिकाऊ काम जगात दुसरं नसतं. पदवीला फक्त शेवटची रचना द्यायची बाकी होती, ती बाकीच राहिली.

मग एका वर्षी सूचना लागली. जुना अभ्यासक्रम बंद होणार, ज्यांचं अर्धवट राहिलंय त्यांनी यंदा पूर्ण करावं, पुढच्या वर्षी संधी नाही. मावशींनी ती सूचना वाचली आणि घरी काहीच बोलल्या नाहीत. पण सकाळी नवऱ्याच्या डब्यावर दोनदा झाकण लावलं तेव्हा लेकीने पकडलं.

"आई, काय झालंय तुला?"

मावशींनी सांगितलं. लेक म्हणाली, "मग दे ना लिहून. भांडी घासताना जे गुणगुणतेस, तेच दे."

"ते काय विद्यापीठात द्यायचं असतं?"

"मग तुझी ती मुलं काय देतात?"

मावशी कचेरीत गेल्या आणि ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं कारकुनाला विचारू लागल्या, की समजा एखादी जुनी विद्यार्थिनी आहे, समजा ती इथेच कामाला आहे. कारकून म्हणाला, "मावशी, नाव तुमचंच घालू ना?" वाजवणाऱ्याने स्वतःची रचना देऊ नये असं नियमात कुठेच नव्हतं. नियम करणाऱ्यांना हे कधी सुचलंच नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत, सायकल स्टँडच्या वरच्या, सरावाच्या खोलीत बसून मावशींनी रचना लिहिली. तिथल्या पियानोची एक पट्टी दाबली की वर यायलाच तयार नसे, ती बोटाने उचलावी लागे. साथ करण्यात जन्म गेलेली बाई. तिने मुख्य धून डाव्या हाताला दिली, मध्येच कुठेतरी, आणि उजव्या हाताला वरून नुसती रिमझिम ठेवली. धून आत लपलेली होती. वाजवणाऱ्याने डावा हात थोडा उचलून धरला तरच ती ऐकू यावी. तशी खूण कागदावर करायला हवी होती. पण मावशींना ते इतकं अंगवळणी पडलेलं, की खूण करायचं डोक्यातच आलं नाही.

परीक्षेला दोघं होते. विभागातले म्हातारे सर आणि बाहेरून आलेल्या एक परीक्षक बाई, ज्यांची पेन्सिल सारखी चालू असे. दहा नंबरची रचना म्हणजे निव्वळ धिंगाणा होता. मावशींनी तिला अशी सांभाळून नेली, की शेवटी परीक्षक बाईंनी मान डोलावली.

मग अकरा नंबर आला. मावशींनी कागद पियानोवर लावला. त्यांच्या मनात आलं, ही आपली. हिला जर सजवलं तर ती लबाडी. पगार घेऊन स्वतःच्याच पोराला जास्त वाढल्यासारखं होईल. लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मावशींचं सगळं उलटंच. त्यांनी पेडलवरचा पाय उचलला आणि कागदावर होतं तेवढंच, सरळ, कोरडं वाजवलं. रिमझिम ऐकू आली, धून बुडाली. ती खुद्द मावशींनाही ऐकू आली नाही. परीक्षक बाईंनी कागदावर एकच शब्द लिहिला. मावशींना तो उलटा दिसला, पण वाचता आला: सपाट.

मावशी बाराव्या कागदाकडे हात नेणार, तोच सर म्हणाले, "थांबा मावशी. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग या पोराने तुमचं काय घोडं मारलंय?"

सरांनी पेन खाली ठेवलं.

"आम्ही काय बहिरे आहोत का? दहा नंबरवाल्याला तुम्ही आत्ता हाताला धरून रस्ता ओलांडून दिलात. इतकी वर्षं देताय. आम्ही तेवढं वजा करूनच गुण देतो. सगळ्यांचेच करतो. याला तुम्ही काहीच दिलं नाहीत आणि आम्ही सवयीने वजा केलं, तर पोर फुकट बुडायचं. डाव्या हातात काहीतरी आहे असं मला वाटतंय. खूण केलेली नाही गाढवाने. पण तुम्ही खुणेची वाट कधी बघता? पुन्हा वाजवा. नेहमीसारखं."

मावशींनी पाय पेडलवर ठेवला. कागदाच्या कोपऱ्यातल्या अकरा या आकड्याकडे पाहिलं आणि मनाशी ठरवलं, की हे कुणाचं तरी पोर आहे, ओळख ना पाळख, वर्षभर जागून लिहिलंय, आणि बाहेर व्हरांड्यात जीव टांगणीला लावून उभं आहे. हे मनात येताच हात आपोआप मऊ झाले. डावा हात पुढे झाला. भांडी घासतानाची ती धून खालून वर आली, आणि कुणाचीही परवानगी न विचारता त्या बंद खोलीत गायली. ती इतकी चांगली होती हे मावशींना माहीत नव्हतं. शेवटचा स्वर त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ धरला, कारण सोडवेना.

"अच्छा, गाणं खाली होतं होय," परीक्षक बाई म्हणाल्या आणि खोडरबर शोधू लागल्या.

अकरा नंबर पास झाला. पहिला वगैरे नाही, चांगला मधला. निकालाला नावं जोडून फळ्यावर यादी लागली, तेव्हा सर यादीपाशी बराच वेळ उभे राहिले आणि मग तडक पियानोच्या खोलीत आले. चेहरा पडलेला.

"मावशी, अकरा नंबर तुम्ही?"

"हो."

"अहो, मी तुमचे गुण कापले. वाजवणारीने मदत केली म्हणून. सगळ्यांचे कापतो तसे."

"बरोबरच केलंत सर," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. "मी मदत केलीच होती त्या अकरा नंबरवालीला. पहिल्यांदाच केली."